जन्मानें मिळालेली खुर्ची
(गांवच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेंत शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आज आम्ही येथें उभे आहों तें एका प्रश्नामुळें. मागल्या पंधरवड्यांत याच वाचनालयाच्या ओट्यावर एका शिकलेल्या गृहस्थांनीं बोलून दाखविलें कीं, "नांगर धरणाऱ्यास आणि भाता ओढणाऱ्यास मत देऊन राज्य सुधारत नसतें. विलायतेकडे पाहा. तेथें शहाण्या माणसांची एक थोरली सभा आहे. तिला कोणी निवडून देत नाहीं. तरी ती कायदे तपासते आणि खालच्या सभेच्या चुका काढते." ओट्यावर आपले दहापंधरा लोक बसले होते. सगळे गप्प. एक लोहारदादा तेवढे आमच्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, हें खरें असेल तर आमच्या मताला काय किंमत राहिली?"

त्या दिवशीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं, कारण पुरतें ठाऊक नसतां बोलणें हें शिक्षकाला शोभत नाहीं. पंधरा दिवस मिळेल तें वाचलें, ताडून पाहिलें. जें समजलें तें आज सांगतों. त्या गृहस्थांचें बोलणें सगळेंच खोटें नाहीं, हें आधींच कबूल करतों. अर्धें खरें आहे. पण अर्ध्या खऱ्यावर जो फसतो तो पुरता फसतो.

प्रथम ही सभा म्हणजे काय तें पाहूं. लंडन शहरांत थेम्स नदीच्या कांठीं इंग्लंडचें पार्लमेंट आहे. त्याचीं दालनें दोन. एक कॉमन्स सभा. तिचे सभासद लोक मतें देऊन निवडतात. दुसरी लॉर्डांची सभा. तिचा एकहि सभासद लोकांच्या मतानें येत नाहीं. मग येतो कसा? शेंकडों वर्षें मुख्य रीत एकच होती. बाप लॉर्ड असला कीं त्याच्या मागें थोरला मुलगा लॉर्ड. बापाची जमीन, बापाचा वाडा आणि बापाची कायदे करण्याची खुर्ची, तिन्ही एकदमच वारशानें मिळत. त्यांच्या जोडीला इंग्लंडच्या सरकारी धर्मपीठाचे २६ बिशप. म्हणजे एका बाजूस जमीनदार, दुसऱ्या बाजूस धर्माधिकारी. बंधूंनो, ही जोडी आपल्याला काय नवीन आहे? पाटलाचा पोरगा पाटील, कुळकर्ण्याचा पोरगा कुळकर्णी, आणि जोशाचा पोरगा जोशी, मग त्याला पंचांग वाचतां येवो कीं न येवो! फरक एवढाच कीं, आपल्या राज्यांत पाटीलकीचा वंशपरंपरेचा अधिकार १९६२ च्या कायद्यानें काढून टाकला. त्या वर्षीं लंडनच्या त्या सभेंत मात्र बापाच्या नांवावर आलेले शेंकडों लोक कायदे करीत बसले होते.

आतां या सभेचें काम पाहूं. कोणत्याहि माणसाची पारख त्याच्या कामावरून करावी, हाच न्याय सभेलाहि लावूं.

इंग्लंडांत पूर्वीं धुराडीं साफ करण्यासाठीं लहान मुलें आंत चढवीत. पांच-सहा वर्षांचें पोर, अरुंद धुराडें, आंत काजळी आणि वर चढण्यास गुडघे व कोपरे. कांहीं आंतच अडकून गुदमरत. हीं मुलें गरिबांचीं असत हें सांगावयास नको. हें थांबविण्याचें विधेयक कॉमन्स सभेनें पसार केलें. १८१८ सालीं लॉर्डांच्या सभेंत तें अडलें. १८१९ सालीं पुन्हां आलें, तेंहि तिनें फेटाळलें. वाडे मोठे, धुराडीं पुष्कळ, आणि चढणारें पोर दुसऱ्याचें! पुढें १८४० सालीं चढण्याची बंदी कायद्यांत आली, पण ती कागदावरच राहिली.

१८३१ सालीं मतांचा हक्क वाढविण्याचें विधेयक आलें. तेव्हां इंग्लंडांतहि कारागिराला मत मिळणें कठीणच होतें. हें विधेयक मजुरांसाठीं नव्हेच. मध्यम स्थितीच्या लोकांना थोडीशी वाट देणारें होतें. तेवढेंहि लॉर्डांना सोसलें नाहीं. त्यांनीं ४१ मतांच्या फरकानें तें पाडलें. ब्रिस्टल शहरांत दंगे पेटले, नॉटिंगहॅमचा किल्ला लोकांनीं जाळला, आणि मगच पुढच्या वर्षीं तें पसार झालें. १८९३ सालीं आयर्लंडला स्वराज्य देण्याचें विधेयक कॉमन्सनें मंजूर केलें. लॉर्डांनीं ४१९ विरुद्ध ४१ मतांनीं तें उडविलें.

आतां जें सांगतों तें शेतकऱ्यांनीं नीट ऐकावें. लॉईड जॉर्ज नांवाचा एक मंत्री होता. बाप लहानपणींच वारला, म्हणून तो वेल्स प्रांतांतल्या एका खेड्यांत जोडे शिवणाऱ्या मामाच्या घरीं वाढला. सत्तर वर्षांवरील गरीब म्हाताऱ्यांस आठवड्याला पांच शिलिंगांपर्यंत पेन्शन देण्याचा कायदा १९०८ सालीं झाला होता. त्यासाठीं आणि लढाऊ जहाजांसाठीं पैसा पाहिजे. १९०९ सालच्या अंदाजपत्रकांत लॉईड जॉर्जनें तो श्रीमंतांकडे मागितला. मोठ्या मिळकतीवर जादा कर बसविला. आणि जमिनीची किंमत धन्यानें कांहीं न करतां वाढली असेल तर त्या वाढीचा पांचवा हिस्सा सरकारांत भरावा असें ठरविलें. विचार करा: गांवाशेजारून रस्ता गेला, वस्ती वाढली, पडीक माळाला सोन्याचा भाव आला. यांत जमीनदारानें काय घाम गाळला? तो भाव इतरांच्या श्रमानें वाढला. त्यांतला पांचवा हिस्सा म्हाताऱ्यांच्या भाकरीसाठीं द्यावा, इतकेंच मागणें.

पैशाच्या विधेयकास लॉर्डांनीं हात लावूं नये असा दोनशें वर्षांवरचा रिवाज होता. पण स्वतःच्या जमिनीवर आलें तेव्हां रिवाज खुंटीला टांगला. ३० नोव्हेंबर १९०९ रोजीं ३५० विरुद्ध ७५ मतांनीं त्यांनीं तें अंदाजपत्रक फेटाळलें. मग १९१० सालीं एकाच वर्षांत दोन निवडणुका झाल्या. कॉमन्सचे सभासद दोन वेळां लोकांच्या दारीं हात जोडून उभे राहिले. ज्यांनीं हा तंटा लावला ते लॉर्ड मात्र एकदांहि कोणाच्या दारीं गेले नाहींत, कारण त्यांना जाण्याचें कारणच नव्हतें! या एका गोष्टींत सगळें सार आहे. पुढें आम्ही त्याकडे पुन्हां येऊं.

शेवटीं राजाकडून शेंकडों नवे लॉर्ड करवून घेऊं अशी धमकी सरकारनें दिली, तेव्हां कोठें १९११ चा पार्लमेंट कायदा १३१ विरुद्ध ११४ मतांनीं त्या सभेंतून सुटला. त्या कायद्यानें पैशाचें विधेयक एक महिन्यापेक्षां जास्त अडविण्याची सोय राहिली नाहीं, आणि इतर बहुतेक विधेयकें दोन वर्षेंच अडवितां येतील असें झालें. १९४९ सालीं ती मुदत एक वर्षावर आणली.

आपल्या देशाशीं या सभेचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे. बंगालचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यानें हिंदुस्थानांत जुलूम केले म्हणून त्याच्यावर याच सभेपुढें खटला चालला. १७८८ सालीं सुरू झालेला खटला १७९५ सालीं संपला. सात वर्षें! आणि शेवटीं निकाल काय, तर निर्दोष. पुढें १९१९ सालचा हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा कायदा याच सभेंतून गेला. तो तेथें नेण्याचें काम लॉर्ड सिन्हा यांनीं केलें. त्या सभेंत बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्याच कायद्याखालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत मराठे व तत्सम जातींसाठीं ७ जागा राखून ठेवल्या गेल्या, हें आपल्या लोकांनीं विसरूं नये. पण हेंहि विसरूं नये कीं, दुसऱ्याच वर्षीं जालियनवाला बागेंत गोळ्या घालणाऱ्या डायरवर अन्याय झाला असा ठराव याच सभेनें १२९ विरुद्ध ८६ मतांनीं केला. कॉमन्स सभेनें डायरविरुद्धचा सरकारी निर्णय उचलून धरला होता. सरकारी आंकड्याप्रमाणेंच ३७९ माणसें मेलीं होतीं. कॉमन्सच्या सभासदांना उद्यां लोकांस तोंड दाखवावयाचें होतें. लॉर्डांना कोणास दाखवावयाचें होतें?

आतां दुसरी बाजू. ती लपविली तर आम्हीहि त्या गृहस्थांसारखेच अर्धें खरें सांगणारे ठरूं.

त्या धुराड्यांतल्या मुलांसाठीं ज्यानें अर्धा जन्म झगडा केला तो लॉर्ड शाफ्टस्बरी हा स्वतः जन्मानें मिळालेल्या खुर्चीवरच बसलेला होता. १८४० चा कायदा कागदावर राहिला म्हणून तो स्वस्थ बसला नाहीं. १८७५ सालीं त्याच लॉर्ड सभेंतून त्यानें असा कायदा काढून घेतला कीं, धुराडीं साफ करणाऱ्यास पोलिसांचा परवाना पाहिजे. तेव्हां कोठें तीं मुलें सुटलीं. जी सभा पूर्वीं आडवी आली तिच्याच एका सभासदानें वाट मोकळी केली.

१९५८ सालीं नवा कायदा झाला आणि तहहयात लॉर्ड नेमण्याची रीत आली. या लॉर्डाची खुर्ची त्याच्याबरोबर संपते. मुलाला मिळत नाहीं. याच कायद्यानें त्या सभेचें दार बायकांना पहिल्यानें उघडलें. तेव्हांपासून डॉक्टर, न्यायाधीश, प्राध्यापक, मजूरसंघांचे पुढारी असे लोक तेथें येऊं लागले. कायद्याचा मसुदा ओळ न् ओळ वाचणें, कोठें शब्द चुकला, कोठें गरिबाला पेंच बसेल तें दाखविणें, हें काम ते मन लावून करतात असा त्यांचा लौकिक आहे, आणि तो खोटा नाहीं. २००८ सालीं संशयिताला आरोप न ठेवतां ४२ दिवस कोठडींत ठेवण्याची सवलत सरकारनें मागितली. कॉमन्सनें ती दिली. लॉर्डांनीं ३०९ विरुद्ध ११८ मतांनीं नाकारली आणि सरकारला तो नाद सोडावा लागला. २०१५ सालीं कमी मजुरीवर राबणाऱ्या कुटुंबांना सरकारांतून मिळणारी भर कापण्याचा बेत आला, तेव्हां त्यालाहि याच सभेनें खीळ घातली आणि पुढच्याच महिन्यांत मंत्र्यानें तो बेत मागें घेतला.

मग लोहारदादा, तुमच्या प्रश्नाचें काय? निवडून आलेली सभा गरिबाच्या ताटांतली भाकरी काढते आणि न निवडलेली ती परत ठेवते, असें झालें तर मताचा उपयोग काय?

याचें उत्तर आम्ही आपल्याच गांवांतून देतों. पूर्वींच्या पाटलांत चांगले पाटील नव्हते काय? दुष्काळांत पेंव उघडून धान्य वाटणारे पाटील आपल्या आजोबांनीं पाहिले होते. सावकारांतहि एखादा व्याज सोडणारा निघे. पण पेंव उघडणें हें त्याच्या मर्जीवर. त्याचाच मुलगा पेंवाला कुलूप लावून बसला तर आपल्या आजोबांच्या हातीं काय होतें? कांहीं नाहीं. दया ही दया आहे. ती हक्क होत नाहीं. लॉर्ड लोकांना मतदाराची भीति नाहीं, म्हणून ते ४२ दिवसांच्या कोठडीला निर्भयपणें नाहीं म्हणूं शकले. पण मतदाराची भीति नाहीं म्हणूनच ते डायरचा कैवार घेऊं शकले, म्हाताऱ्यांच्या पेन्शनीचा पैसा अडवूं शकले. निर्भयपणा तोच. आज त्यानें आपलें भलें केलें, उद्यां वाईट केलें तर जाब कोणीं आणि कोठें विचारावा? कॉमन्सनें चूक केली तर पांच वर्षांनीं तिला घरीं बसवितां येतें. लॉर्डांना घरीं बसविणारी निवडणूक आजवर झालेली नाहीं. लोहारदादा, कुलूप कितीहि चांगलें असलें तरी किल्ली आपल्याजवळ नसेल तर तें कुलूप आपलें नव्हे, हें तुम्हांस आम्हीं सांगावयास पाहिजे काय?

आणि जन्मावरची खुर्ची सोडणें किती जड जातें तेंहि पाहा. १९११ च्या कायद्याच्या आरंभींच लिहून ठेवलें होतें कीं, पुढें वारशाऐवजीं लोकांच्या पायावर वरिष्ठ सभा उभारूं. तें 'पुढें' अजून यावयाचें आहे! १९९९ सालीं बहुतेक वारसदार लॉर्डांस काढलें, पण तडजोड म्हणून ९२ ठेवले. त्यांतला कोणी गेला कीं जागा भरण्यास 'निवडणूक' होई. उमेदवार वारसदार लॉर्ड, आणि मतदार पुष्कळदां त्या पक्षाचे सभेंत उरलेले वारसदार लॉर्डच. २०१६ सालीं अशा एका निवडणुकीला ७ उमेदवार उभे राहिले आणि मतदार होते ३! आपल्या गांवच्या सोसायटीच्या निवडणुकीला आपण हंसतों. पण मतदारांहून उमेदवार जास्त असें आपल्याकडेहि पाहिलें नव्हतें. २०१२ सालीं बहुतेक सभा निवडून देण्याचें विधेयक आलें आणि बारगळलें. उरलेल्या वारसदारांना काढण्याचें विधेयक २०२४ सालीं सरकारनें मांडलें, म्हणजे आपल्या पाटीलकीनंतर ६२ वर्षांनीं.

जन्माची रीत गेली म्हणजे सगळें झालें असेंहि समजूं नये. तहहयात लॉर्ड नेमतो कोण? नांवाला राजा, खरा सल्ला पंतप्रधानाचा. म्हणून निवडणुकींत पडलेल्यांची सोय, पक्षाला देणग्या देणाऱ्यांचा मान, असाहि त्या सभेचा दुसरा लौकिक आहे. आणि गंमत अशी कीं, लॉर्डांविरुद्ध रान उठविणारा तोच लॉईड जॉर्ज पुढें पंतप्रधान झाला, तेव्हां त्याच्याच कारकीर्दींत सरदारक्या आणि किताब पैसे घेऊन विकले गेले. त्याचा इतका बोभाटा झाला कीं १९२५ सालीं हा व्यापार गुन्हा ठरविणारा कायदा करावा लागला. आणि जोडे शिवणाऱ्याच्या घरीं वाढलेला हा माणूस १९४५ सालीं, मरणाच्या थोडे आधीं, स्वतःच अर्ल म्हणजे वारसदार सरदार झाला! बंधूंनो, खुर्चीचा दोष माणूस बदलून जात नाहीं. खुर्चीवर बसण्याची रीत बदलावी लागते.

आतां घरचें पाहूं. आपल्या राज्यांतहि वरिष्ठ सभा आहे, तिचें नांव विधान परिषद. तेथें जन्मावर कोणी येत नाहीं, ही आपल्या घटनेची थोरवी आहे. पण तिचे ७८ सभासद कसे येतात तें ठाऊक असूं द्या. ३० आमदारांच्या मतानें, २२ पालिका व जिल्हा परिषदा यांच्या सभासदांच्या मतानें, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे, आणि १२ राज्यपालांनीं नेमलेले. शेतकऱ्याचें सरळ मत यांत कोठेंहि नाहीं. आणि शिक्षकांचे म्हणाल, तर घटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणें माध्यमिक शाळेच्या खालच्या शिक्षकाला तेथें मत नाहीं. आम्ही प्राथमिक शाळेंत शिकवितों. या गांवच्या मुलांना पहिलें अक्षर आम्हीं काढून दिलें, पण शिक्षकांचा प्रतिनिधि निवडतांना आम्ही शिक्षक नाहीं! आम्हीं पदवी घेतली नाहीं, म्हणून पदवीधरांतहि नाहीं. हें रडगाणें म्हणून सांगत नाहीं. 'मत शहाण्यांनाच असावें' असें एकदां मान्य केलें कीं शहाणा कोण तें ठरविणारा रेघ ओढतो. आणि ती रेघ लोहाराजवळ थांबत नाहीं, गुरुजींच्याहि पुढें सरकते. म्हणून या प्रश्नांत तुमचें आणि आमचें दुखणें एकच आहे.

तर त्या गृहस्थांस आमचें उत्तर असें. कायदा दोनदां तपासला जावा, शांतपणें वाचला जावा, हें आम्हांस पूर्ण मान्य. लॉर्ड सभेचें हें काम चांगलें आहे, तें घ्यावें. पण तें काम करण्यास बापाचा वाडा लागत नाहीं, पंतप्रधानाची मर्जी लागत नाहीं. वाचतां येणें लागतें आणि लोकांस जाब देण्याची तयारी लागते. वाचावयास शिकविणें हें आमचें काम. तेव्हां आम्ही आज येथेंच कबूल करतों: दर शनिवारीं दिवेलागणीनंतर याच ओट्यावर आम्ही बसूं. पीकविम्याचा कागद, सोसायटीचे पोटनियम, ग्रामसभेचा ठराव, जो कागद तुमच्या घरांत येऊन पडला असेल तो घेऊन या. ओळ न् ओळ वाचूं. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनीं पुढें बसावें. बायकांनीं अवश्य यावें. लॉर्डांच्या सभेंत त्यांना १९५८ पर्यंत येऊं दिलें नाहीं, आपल्या ओट्यावर पहिल्या शनिवारपासूनच येऊं द्या.

आणि लोहारदादा, तुमचें मत कोणी परत घेणार नाहीं. पण तें गंजूं देऊं नका. पहिल्या शनिवारीं तुमचा कागद पहिला.